बोरीच्या सालीचा अर्क

बाई,

मी तुम्हाला आयुष्यात एकच पत्र पाठवलं, आणि ते पाठवायला नको होतं. निळं अंतर्देशीय होतं. मुंबईच्या लॅबमध्ये डबा खायच्या सुट्टीत, उंच स्टुलावर बसून मी ते दहा मिनिटांत लिहून टाकलं. त्यातला मजकूर मला अजून शब्द न शब्द आठवतो, कारण पुढे तुम्ही तो मलाच वाचून दाखवलात. 'बोरीच्या सालीच्या अर्काने त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, बाई. बहुतेक सगळ्या मरतात. मी स्वतः मोजल्या.' पुढे अर्काची सगळी कृती लिहिली होती, आणि खाली सही करून मी सहीखाली रेघही मारली होती. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि आपल्या हातून जगात पहिल्यांदाच काहीतरी घडलंय असं मला वाटत होतं.

तुमच्या टाचेचं मला काहीच माहीत नव्हतं. हे मी पुष्कळदा स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे. पण त्यानंतर जे झालं त्याला ते पुरत नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत तुमच्या दोन खोल्या होत्या. खाली लूमचा कारखाना. दिवसभर जमीन थरथरायची, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि तुम्ही त्या आवाजाच्या वर आवाज चढवून शिकवायचात, त्यामुळे वर्गातही तुमचा आवाज गरजेपेक्षा मोठाच असायचा. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी तुमच्याकडे आलं की तुम्ही हळू बोलायला विसरलेल्या असायचात. मी जवळच्या कोन गावाहून एसटीने यायची. वडील कचेरीत कारकून, घरात सायन्स घेणारी मी पहिलीच मुलगी. अकरावीत तुम्ही आम्हाला केमिस्ट्रीला होतात. प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या की तिसऱ्या तासाला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत मी रंग बदलायची वाट बघत होते. पुस्तकाप्रमाणे उत्तर दहा यायला हवं होतं. माझं येत होतं अकरा आणि वर थोडं. तीनदा केलं, तीनदा तेच. मग मी वहीत दहा लिहिलं.

तुम्ही मागे येऊन उभ्या राहिल्या होतात.

"हे तुला आलं?"

"हो बाई."

"ब्युरेट काय म्हणतंय?"

तुम्ही माझी वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवलीत. "हिला दहा आवडतात, म्हणून हिने दहा लिहिलेत." सगळे हसले. मी एसटी स्टँडपर्यंत रडत गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेतलंत, पुन्हा तोच प्रयोग करायला लावलात आणि मग कपाटातली ॲसिडची मोठी बाटली काढून स्वतः तपासलीत. ती बाटलीच चुकीची भरलेली होती. माझं अकरा बरोबर होतं. "काल खरं लिहिलं असतंस," तुम्ही म्हणालात, "तर ही चूक आपल्याला कालच सापडली असती. आज सकाळच्या बॅचनेही याच बाटलीतलं वापरलं." तुम्ही चिडलेल्या नव्हतात. मला शाबासकीही दिली नाहीत. फक्त सकाळच्या बॅचच्या बावीस मुलींना परत बोलवायला मलाच पाठवलंत.

एमएस्सी करून मी लॅबला लागले तेव्हा तुम्ही मला पांढरा ॲप्रन शिवून दिलात. खालच्या कारखान्यातून कोरं कापड आणलं होतं तुम्ही, आणि खिसा मुद्दाम मोठा ठेवला होता, वही मावेल इतका. सालीचा रस्ताही तुम्हीच दाखवलात. डोंगराकडच्या पाड्यावरून एक म्हातारी बाजाराच्या दिवशी भिवंडीत यायची, करवंदं, कंद, शेवळं घेऊन. गावात तिच्याकडे लोक औषधाला जायचे. तुम्ही तिच्याकडून भाजी घेताना तिच्याशी गप्पा मारायचात. "तिला जाऊन विचार," तुम्ही म्हणाला होतात. "ती तुझ्यापेक्षा मोजून बोलते."

मी गेले. तिच्या झोपडीपुढे बसून तिला विचारलं, न भरणाऱ्या जखमेवर तुम्ही काय लावता. तिने चार झाडं सांगितली. त्यातलं एक रानबोर. सालीचा काढा करून त्याने जखम धुवायची. मी पिशवीभर साल घेऊन आले, सुकवली, कुटली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली, आटवली. तपकिरी, चिकट असं काहीतरी तळाशी उरलं. आमच्याकडे उंदराच्या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असायच्या. पेशींवर अर्क घालायचा, दोन दिवस थांबायचं, मग निळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो रंग आत येऊ देत नाही. मेलेली निळी होते. मायक्रोस्कोपखाली चौकटीचौकटीने निळ्या आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या मोजायच्या, एवढंच काम. त्या दिवशी मी डोळा लावला आणि सगळं निळं दिसलं.

आता पत्रात मी काय लिहिलं नव्हतं ते सांगते. अशा प्रयोगात शेजारी दुसरी बशी लागते, निरोगी पेशींची. तिच्यावरही तोच अर्क घालून बघायचं असतं. कॅन्सरची पेशी मरते आणि निरोगी पेशी वाचते, तरच ते औषधाच्या वाटेवर आहे. दोन्ही मरत असतील तर ते नुसतं विष. त्या आठवड्यात आमच्या निरोगी पेशींना बुरशी लागली होती आणि त्या टाकून द्याव्या लागल्या होत्या. लॅबचे प्रमुख सर म्हणाले, "नंतर बघू." मीही म्हणाले, नंतर बघू. आणि अंतर्देशीय विकत घ्यायला खाली उतरले.

ते पत्र तुम्हाला मिळालं त्या आठवड्यात तुमच्या डाव्या टाचेचा तुकडा तपासून आला होता. वर्षभर तुम्हाला वाटत होतं, चपलेचा खिळा लागून रक्त साकळलंय. काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, आठ आण्यांच्या नाण्याएवढा झालेला. तुमचा धाकटा भाऊ ठाण्याहून आला असताना त्याने तुम्हाला लंगडताना बघितलं आणि हट्टाने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मेलॅनोमा, त्वचेचा कॅन्सर, डॉक्टर म्हणाले. टाच रुंद कापावी लागेल, मांडीची कातडी लावावी लागेल, जांघेतल्या गाठी काढाव्या लागतील. आत खोल गेलं असेल तर पाऊलच. तारीख दिली. तुम्ही घरी आलात, दाराच्या फटीतून माझं पत्र आत पडलेलं होतं.

मी आले तो शुक्रवार होता. लूम बंद. तुमचा भाऊ दारातच भेटला, आणि त्याने मला बाहेरच थोडक्यात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई तारखेला जात नाही म्हणते. तुम्ही शिकलेल्या आहात या विषयातल्या. तुमचं ती ऐकेल. तुम्ही तरी सांगा."

आत तुम्ही पलंगावर बसून पेपर तपासत होतात. मला बघून हसलात. मग उठून टेबलाचा खण उघडलात, माझं पत्र काढलंत आणि भावाच्या तोंडावर मोठ्याने वाचलंत. लूम बंद होते तरी लूमच्या वर जाईल अशा आवाजात.

"हिने मोजल्यात," तुम्ही म्हणालात. "ही माझी विद्यार्थिनी आहे. ही खोटं लिहीत नाही."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. "खरंय का हे?"

"काचेच्या बशीत मरतात," मी म्हणाले.

"बशीत मरतात, मग टाचेत का मरणार नाहीत?" हे तुम्ही विचारलंत, बाई. तुम्ही, ज्यांनी आम्हाला शिकवलं की परीक्षानळीत होतं ते कारखान्यात होईलच असं नाही. मला त्या प्रश्नाची चार उत्तरं तिथल्या तिथे देता आली असती. कातडीतून अर्क किती खोल जातो ते माहीत नाही. पेशी उंदराच्या आहेत, माणसाच्या नाहीत. अर्कात पन्नास वेगवेगळी द्रव्यं आहेत, त्यातलं कुठलं मारतं ते कळलेलं नाही. दुसरी बशी झालेलीच नाही. पण तुम्ही माझ्याकडे इतक्या आशेने बघत होतात. त्याआधी तुम्ही माझ्याकडे कधी कशाच्या आशेने बघितलं नव्हतं. नेहमी मीच बघायची.

"मरू शकतील," मी म्हणाले.

तुमचा भाऊ चपला घालून निघाला. जिन्यात त्याच्या पायांचा आवाज आला तेवढाच. तुम्ही मला म्हणालात, "त्याला राग येऊ दे. सदाफुलीपासून औषध निघालंच ना? लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. तेही आधी कुणाच्या तरी अंगणातच होतं." आणि मग, थोडं थांबून, "मला उभं राहून शिकवायचंय गं. बसून मला शिकवता येत नाही."

तारीख पुढे गेली.

मी तुम्हाला अर्क दिला नाही. लॅबमधली वस्तू बाहेर न्यायची नाही, असं म्हणाले. तुम्हाला त्याची गरजही नव्हती. कृती पत्रात होतीच. पुढच्या वेळी मी आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात, जिथे तुम्ही मला साखर घालून साय द्यायचात, त्या ओट्यावर पातेल्यात कढत पाणी होतं आणि पाण्यात काचेचं भांडं तरंगत होतं. खिडक्या उघड्या, स्टोव्ह लांब, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. सगळं नीट, नियमाप्रमाणे. ओट्याच्या कडेला वही, वहीत तारीख, सालीचं वजन, किती वेळ भिजवली, किती उरलं. भांडी थरथरत होती आणि तुम्ही त्या काचेच्या भांड्याला दोन बोटांनी धरून ठेवलं होतं. मला वाटलं, दुसरी बशी झालेलीच नाही हे तुम्हाला आत्ता सांगावं. तुम्ही वळून म्हणालात, "रंग बघ. तुझा असाच आला होता ना?" मी म्हणाले, हो, असाच.

तुम्ही तो लेप रोज सकाळी लावायचात, वर कापसाची पट्टी. आठवडाभरात आग व्हायला लागली. मग कातडी पांढरी पडून सोलली, आणि तिच्याबरोबर वरचा काळा थरही निघाला. खाली गुलाबी दिसायला लागलं. खालच्या लूमवाल्याच्या बायकोने ते बघून तुम्हाला म्हटलं होतं, "बाईजी, ये जल गया है, ठीक नहीं हुआ. डॉक्टर को दिखाओ." तुम्ही मला ते हसत हसत सांगितलंत.

लॅबमध्ये निरोगी पेशी पुन्हा वाढल्या होत्या. मी दुसरी बशी लावली. दोन दिवसांनी निळा रंग टाकला, डोळा लावला. निळं. पहिल्या बशीइतकंच निळं. मी काच पुसली, दुसरा थेंब घेतला. तेच. दुसऱ्या दिवशी सगळा प्रयोग पुन्हा लावला, अर्क पातळ करून. अर्क पातळ केला तर दोन्हीकडच्या पेशी जगतात आणि दाट केला तर दोन्हीकडच्या मरतात. निवडून काही होत नव्हतं. मी सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "मग आता यातली द्रव्यं एकेक करून वेगळी काढायची. एखादं निवडक निघेलही. वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. नाउमेद होऊ नका." त्यांच्या दृष्टीने हे रोजचंच होतं. दहा अर्कांतले नऊ असेच असतात. मी मात्र टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

त्यानंतर मी तुमच्याकडे आले. सांगायलाच आले होते. तुम्ही पाय पाटावर ठेवून पट्टी सोडलीत. "बघ." टाच गुलाबी, ओली, मधोमध कुठेकुठे काळसर ठिपके, पण मोठा डाग नाही. तुमचा चेहरा मी विसरू शकत नाही, बाई. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलीसारखा. मी म्हणाले, "छान दिसतंय." सोललेली कातडी म्हणजे बरा झालेला रोग नव्हे, हे मला कळत होतं. वरून जाळलं की वरचं जातं. आत जे असतं ते आपल्या गतीने चालूच राहतं. हे सगळं मला माहीत असताना मी "छान दिसतंय" म्हणाले, चहा प्याले आणि कोनची एसटी पकडली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी आलेच नाही, आजारी असल्याचा निरोप पाठवला.

मी का गप्प बसले याची कारणं मी या वर्षांत पुष्कळ शोधली. तुमची आशा मोडवत नव्हती, हे त्यातलं चांगलं दिसणारं कारण. दुसरं असं की तुम्ही भावाला म्हणाला होतात, ही खोटं लिहीत नाही. ते वाक्य मला परत द्यावं लागलं असतं.

शेवटी कोंडी फोडली ती म्हातारीने. तुमच्याजवळची साल संपत आली होती आणि तुम्हाला वाटलं, तिच्याकडूनच घ्यावी, म्हणजे झाडाची जातही तीच राहील. आपण दोघी टेम्पोने गेलो. रस्त्यापासून पाड्यापर्यंत पाऊण तासाची चढण. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होतात आणि तुमचं वजन दर थोड्या अंतराला वाढत होतं. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. तिने तुम्हाला ओळखलं, पाणी दिलं. तुम्ही साल मागितलीत.

"कोनाला?" तिने विचारलं.

तुम्ही पट्टी सोडलीत. ती खाली वाकली, हात न लावता बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू हिला साल लावाला सांगलीस?"

तुम्ही म्हणालात, "तुम्हीच सांगितली होती ना, रानबोराची?"

"हिने मना जखमेचा इचारला, मी जखमेचा सांगला," म्हातारी म्हणाली. "ही जखम न्हाय, बाय. ही जखम तुमी केली. खाली हाय तो येगला. माझे सासूच्या पायाला आसाच काला डाग व्हता. सगला पाला लावून बगला. जांगेत गाठी आल्या. मंग ती गेली." तिने तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्याला माझ्याकडं औषद न्हाय. व्हता आसता त मी सासूला नसता दिला? तू मोठ्या दवाखान्यात जा. आज जा."

आपण परत निघालो. उतरताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला नाहीत. काठी मागून घेतली होती तिच्याकडून. खाली रस्त्याला लागलो, एका बंद टपरीच्या बाकावर टेम्पोची वाट बघत बसलो. ऊन होतं. समोरून कापडाच्या गाठी भरलेला ट्रक गेला. मी सांगितलं. दुसरी बशी, निरोगी पेशी, सगळं निळं.

तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. "कधी मोजल्यास?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तू मला छान दिसतंय म्हणालीस त्याच्या आधी."

"हो बाई."

एक रिकामा टेम्पो आला. मी उठले. तुम्ही उठला नाहीत आणि तो निघून गेला.

"वही आणलीयस?"

वही माझ्या पिशवीत होती. का कोण जाणे, त्या तीन आठवड्यांत मी ती रोज बरोबर घेऊन फिरत होते. तुम्ही चष्मा लावलात आणि त्या बाकावर बसून पानं वाचलीत. एकेक आकडा, बोट ठेवून. एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती तुम्ही दाखवलीत. चूक सुधारूनही उत्तर तेच राहत होतं. मग तुम्ही वही मिटून माझ्या हातात दिलीत.

"चूक माझी आहे," तुम्ही म्हणालात. "मी दुसरी बशी विचारली नाही. मला विचारायचं नव्हतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण तुला सांगायला हवं होतं. मी न विचारताही."

तुम्ही वर्गात ओरडायचात तसं ओरडला असतात तर मी सोसलं असतं. तुमचा आवाज इतका खाली मी त्याआधी ऐकला नव्हता. टेम्पोत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "भावाला फोन कर. तारीख घ्यायला सांग." नाक्यावर उतरल्यावर मी पीसीओतून फोन केला. त्याने विचारलं, "काय झालं? कशी तयार झाली?" मी म्हणाले, "त्यांच्याच मनाने." तेवढंसुद्धा मी खरं बोलले नाही.

अडीच महिने गेले होते. डॉक्टरांनी टाच कापली, मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. पाऊल वाचलं. काढलेल्या गाठींपैकी एकीत रोग होता. मी डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं, अडीच महिन्यांपूर्वी काढलं असतं तर ती गाठ स्वच्छ निघाली असती का. ते दमलेले होते, पण थांबले. "असतीही," ते म्हणाले. "नसतीही. कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हणाले, विद्यार्थिनी. डॉक्टरांच्या त्या उत्तराने मला आजवर ना शिक्षा दिली ना सुटका.

तुम्ही पुढच्या जूनमध्ये कॉलेजला गेलात. खुर्चीवर बसून शिकवलंत. मला कुणी तरी सांगितलं की तुम्ही पहिल्या दिवशी उभं राहायचा प्रयत्न केलात आणि मग मुलींना म्हणालात, "आजपासून फळ्यावर तुम्ही लिहायचं, मी बघेन." मी महिन्यातून एकदा यायची. तुम्ही मला पूर्वीसारखीच साय द्यायचात. त्या तीन आठवड्यांबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. फक्त एकदा विचारलंत, "ते दोन्ही बशांचं छापलंत का?" मी म्हणाले, सर म्हणतात, काम झालं नाही असं छापून कुणाला काय मिळणार. तुम्ही पेपर तपासता तपासता म्हणालात, "दुसरी कुणीतरी पत्र लिहिणारी वाचेल."

मी सरांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांशी भांडले. ते टिपण एका लहानशा नियतकालिकात आलं, दीड पान, दोन तक्ते. पुढे मी त्याच सालीतली द्रव्यं वेगळी काढायच्या कामात सहा वर्षं घालवली. एक द्रव्य कॅन्सरच्या पेशींना थोडं जास्त आणि निरोगी पेशींना थोडं कमी मारतं असं दिसलं. थोडंच. तशाच जातीच्या द्रव्यांवर बाहेरच्या देशांतही काम चालू होतं, अजून चालू आहे. मला कुणी विचारलं की झाडपाल्यातून त्वचेच्या कॅन्सरवर औषध निघेल का, तर मी म्हणते, निघू शकेल. आणि मग लगेच, तो माणूस उठायच्या आत, बाकीचं सगळं सांगते. माझ्या हाताखालच्या मुली हसतात. म्हणतात, मॅडम आधी वाईट बातमी देतात.

रोग तीन वर्षांनी फुप्फुसात निघाला. शेवटचे दोन महिने तुम्ही भावाच्या घरी ठाण्याला होतात. मी तिथे दोनदा आले. दुसऱ्या वेळी तुम्हाला धाप लागत होती, बोलणं तुटत होतं, तरी तुम्ही मला माझ्या कामाबद्दल विचारलंत आणि मी पंधरा मिनिटं न थांबता सांगत राहिले, कारण थांबले असते तर दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं. तुमचा भाऊ मला खाली सोडायला आला. म्हणाला, "तिला तुम्ही आलात की बरं वाटतं." त्याला आजही माहीत नाही, बाई. तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. मीही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घरात पडून राहील, कुणाच्या हाती लागेल तेव्हा लागेल. एवढं लिहिल्यावर एकच गोष्ट राहते. तुम्ही गेल्यावर तुम्हाला भिवंडीलाच नेलं, तुमच्या इच्छेप्रमाणे, आणि तिथे तुमच्या जुन्या विद्यार्थिनींची रांग लागली होती असं मी ऐकलं. मी त्यात नव्हते. निरोप उशिरा मिळाला, असं मी तुमच्या भावाला नंतर सांगितलं, आणि तो म्हणाला, असू दे, फोन लागायचे कुठे तेव्हा. निरोप सकाळीच मिळाला होता.